ट्रीटॉप्स : मुगुमोच्या झाडावरची एक रात्र

पूर्व आफ्रिकेतील केनिया या देशात अबेरडेअर नावाची पर्वतरांग आहे. तिच्या पूर्वेकडील उतारावरच्या अरण्यात, एका पाणवठ्याच्या काठी, ५ फेब्रुवारी १९५२ रोजी दुपारी पंचवीस वर्षांची एक तरुणी शिडीने झाडावर चढली. त्या झाडावर बांधलेल्या लाकडी खोल्यांत तिने ती रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली उतरली. मधल्या काळात हजारो मैल दूर, इंग्लंडमध्ये, तिचे वडील सहावे जॉर्ज झोपेतच मरण पावले होते. राजकन्या म्हणून वर गेलेली एलिझाबेथ राणी होऊन खाली आली, ही कथा तेव्हापासून जगभर सांगितली जाते.

कथा खरी आहे. पण ती फार लवकर संपवली जाते. शिडीच्या वरच्या टोकाशी त्या रात्री कोण बसले होते, ते झाड कोणते होते, आणि सव्वादोन वर्षांनी ते लॉज कोणी व का जाळले, या गोष्टी बहुधा तळटीपेत जातात. हा धागा त्या तळटीपांचा आहे. तो मोठा आहे, सवडीने वाचावा.

प्रथम जागेविषयी. अबेरडेअर हे नाव इंग्रजी आहे. जोसेफ थॉमसन या स्कॉटिश प्रवाशाने १८८४ च्या सुमारास लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड अबेरडेअर यांचे नाव या रांगेला दिले. पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणारे किकुयू लोक तिला न्यांदारुआ म्हणत. विषुववृत्त जवळ असले तरी रांगेचे सर्वोच्च शिखर चार हजार मीटरपर्यंत जाते. वर दलदल, गवताळ पठारे आणि धुके, खाली बांबूची बने आणि घनदाट वृक्षराजी. १९५० मध्ये या रांगेचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. पूर्वेस, खुल्या पठारापलीकडे, हिमाच्छादित केनिया पर्वत दिसतो. किकुयूंसाठी तो किरिन्यागा, म्हणजे न्गाई या देवतेचे निवासस्थान. या दोन पर्वतांच्या मधल्या उंचवट्यावर न्येरी हे गाव वसले आहे.

न्येरीत एरिक शेरब्रुक वॉकर आणि त्यांच्या पत्नी लेडी बेटी यांनी आउटस्पॅन नावाचे हॉटेल काढले होते. आउटस्पॅन म्हणजे प्रवासात गाडीचे बैल सोडण्याची जागा. वॉकर हे गृहस्थ मोठे रंगतदार होते. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक होते आणि काही काळ शत्रूच्या कैदेतही होते. पुढे अमेरिकेत दारूबंदी असताना समुद्रमार्गे चोरून दारू पोहोचवण्याचा धंदा त्यांनी केला, आणि टोपणनावाने त्यावर एक पुस्तकही लिहिले. अशा माणसाला झाडावर पाहुणे झोपवण्याची कल्पना विचित्र वाटण्याचे कारण नव्हते. १९३२ मध्ये या दांपत्याने अरण्यातील पाणवठ्याजवळच्या एका प्रचंड वृक्षावर दोन खोल्यांची लाकडी झोपडी बांधवून घेतली. आरंभी आठवड्यातून एकच रात्र, बुधवारची, आउटस्पॅनच्या पाहुण्यांना तेथे नेले जाई. पाणवठ्यावर रात्री हत्ती, गेंडे, रानरेडे येत. ते वरून पाहायचे, सकाळी न्याहारीला परत यायचे. बंदूक हाती न घेता वन्यप्राणी पाहण्यासाठी लोक पैसे देतील, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

मराठी वाचकाला हे सांगायला एकच शब्द पुरेसा आहे : मचाण. ट्रीटॉप्स म्हणजे भिंती, छप्पर आणि अंथरुणे असलेले मचाण.

आता झाडाविषयी. वॉकर यांनी निवडलेले झाड मुगुमोचे होते. मुगुमो हा आफ्रिकेतील एक उंबरवर्गीय वृक्ष. आपल्या वडाचा, पिंपळाचा, औदुंबराचा भाऊबंद. किकुयू समाजात मुगुमोखाली किरिन्यागाकडे तोंड करून न्गाईची प्रार्थना केली जाई, पावसासाठी बळी दिला जाई, आणि त्याची फांदी सरपणासाठी तोडणे निषिद्ध मानले जाई. औदुंबराखाली दत्ताच्या पादुका पाहत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. लॉजचे झाड हे पूजेचे विशिष्ट स्थान होते असे म्हणण्याचे कारण नाही. पण ज्या जातीच्या झाडाला तो सारा प्रदेश हात जोडत होता, त्या जातीच्या झाडावर वसाहतीतील गोऱ्या पाहुण्यांसाठी शय्यागृह उभे राहिले होते. पाहुण्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

१९५२ च्या त्या रात्री एका पाहुण्याला झाडांच्या पावित्र्याविषयी निश्चितच ठाऊक होते. त्या पाहुण्याचे नाव जिम कॉर्बेट.

कुमाऊँचे कॉर्बेट केनियात काय करत होते, हा प्रश्न भारतीय वाचकाला पडतोच. २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला जन्मलेला हा माणूस कुमाऊँनी बोली आपल्या मातृभाषेसारखी बोलत असे. मोकामेह घाटावर त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ रेल्वेच्या मालाची चढउतार करणाऱ्या मजुरांबरोबर काढला. १९०७ मध्ये चंपावतची वाघीण आणि १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी मारला. पहिलीच्या नावावर ४३६ आणि दुसऱ्याच्या नावावर १२५ माणसांचे बळी नोंदलेले होते. छोटी हल्द्वानी हे अख्खे गाव त्यांनी वसवले, त्याच्याभोवती रानडुकरांपासून रक्षण करणारी भिंत बांधली. भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ मध्ये स्थापन झाले त्यामागेही त्यांचा आग्रह होता. आज ते उद्यान त्यांच्या नावाने ओळखले जाते.

आणि १९४७ च्या अखेरीस, स्वातंत्र्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, हा माणूस बहीण मॅगी हिच्यासह भारत सोडून गेला. वय बहात्तर. इंग्लंडला ते गेले नाहीत, कारण इंग्लंड हा त्यांचा देश कधी नव्हताच. ते केनियाला गेले, जेथे साम्राज्याचा सूर्य अजून मावळला नव्हता. स्वतंत्र भारतात आपल्यासारख्या गोऱ्या, अविवाहित, वृद्ध भावंडांचे काय होईल, ही धास्ती त्यांच्या मनात होती. छोटी हल्द्वानीच्या शेतकऱ्यांनी त्यांना कधी त्रास दिला असता असे वाटत नाही. पण भीतीला पुरावा लागत नाही, आणि ज्याने आयुष्यभर नरभक्षकांचा पायी माग काढला त्याला भीतीने घर सोडायला लावले, या विसंगतीवर टीका करण्यापेक्षा तिच्याकडे थोडा वेळ नुसते पाहावे.

न्येरीत आउटस्पॅनच्या आवारात पॅक्स्टू नावाची एक कुटी होती. बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्यासाठी ती १९३८ मध्ये बांधली गेली. १९४१ मध्ये त्यांचे निधन झाले. कॉर्बेट भावंडे त्या कुटीत राहू लागली. समोर केनिया पर्वत. तेथे बसून कॉर्बेट लिहीत राहिले, आणि त्यांनी काय लिहिले ते पाहण्यासारखे आहे : रुद्रप्रयागच्या बिबट्यावरचे पुस्तक १९४८ मध्ये आले, ‘माय इंडिया’ १९५२ मध्ये, ‘जंगल लोअर’ १९५३ मध्ये, ‘द टेंपल टायगर’ १९५४ मध्ये. खिडकीबाहेर आफ्रिका आणि कागदावर कुमाऊँ. मराठी घरांतल्या कपाटांत दिसणारी कॉर्बेट यांची बहुतेक पुस्तके अशी परदेशातून, मागे वळून पाहत लिहिलेली आहेत.

राजकन्या एलिझाबेथ आणि त्यांचे पती फिलिप १ फेब्रुवारी १९५२ रोजी नैरोबीत उतरले. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या लांबच्या दौऱ्याचा हा पहिला टप्पा होता. आजारी राजाच्या जागी कन्या निघाली होती. वसाहतीने लग्नाची भेट म्हणून दिलेल्या सगाना लॉज या बंगल्यात त्यांचा मुक्काम होता, आणि तेथून जवळच असलेल्या ट्रीटॉप्सवर एक रात्र घालवायचे ठरले होते. वॉकर यांनी झोपडी या निमित्ताने वाढवून, भक्कम करून घेतली. वन्यप्राण्यांविषयी पाहुण्यांशी बोलायला आणि त्यांची राखण करायला शहात्तर वर्षांच्या कॉर्बेट यांना बोलावणे गेले.

५ तारखेला राजघराण्याची मंडळी पायवाटेने चालत आली तेव्हा पाणवठ्यावर चाळीसच्या वर हत्ती जमले होते. त्या पायवाटेच्या कडेने ठिकठिकाणी झाडांना छोट्या शिड्या ठोकलेल्या असत. जनावर अंगावर आले तर जवळच्या झाडावर चढावे, एवढीच सुरक्षाव्यवस्था. हत्ती हाकेच्या अंतरावर असताना राजकन्या सरळ चालत आल्या आणि शिडी चढून वर गेल्या. मग संध्याकाळभर चलच्चित्राचा कॅमेरा डोळ्याला लावून त्या हत्ती, माकडे, एकमेकांशी झुंजणारे हरणवर्गीय नर टिपत राहिल्या. अंधार पडल्यावर गेंडे आले. चांदण्यात त्यांचे येणेजाणे बघत सर्व मंडळी उशिरापर्यंत जागली.

नंतर पाहुणे झोपले, आणि कॉर्बेट बंदूक घेऊन शिडीच्या वरच्या टोकाशी बसले. त्या अरण्यात बिबटे होते, आणि बिबट्याला शिडी चढणे अवघड नाही हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? गढवालमध्ये बिबट्याची वाट पाहत त्यांनी अशा असंख्य रात्री काढल्या होत्या. ही शेवटची म्हणावी अशी. ज्या साम्राज्याच्या आधारासाठी ते खंड ओलांडून आले होते त्याची वारस पाठीमागच्या खोलीत झोपली होती, आणि एक म्हातारा शिकारी तिच्या दारात पहारा देत होता. त्या प्रसंगात एक कोवळी, जुनी अशी निष्ठा आहे. तिची थट्टा करावीशी वाटत नाही. पण त्यांची नजर शिडीच्या पायथ्याशी बिबट्याला शोधत होती, आणि त्या अरण्यातून पुढे जे येणार होते ते बिबट्यासारखे नव्हते.

येथे आख्यायिकेची एक दुरुस्ती. एलिझाबेथ यांना वडिलांच्या मृत्यूची बातमी ट्रीटॉप्सवर समजली नाही. ६ फेब्रुवारीच्या सकाळी न्याहारी करून, हसतखेळत त्या सगाना लॉजला परतल्या. बातमी न्येरीत पोहोचली तीही राजनैतिक मार्गाने नव्हे. आउटस्पॅन हॉटेलात उतरलेल्या त्यांच्या खासगी चिटणिसांना ती एका पत्रकाराकडून कळली. तेथून ती सगानाला गेली आणि दुपारी फिलिप यांनी ती पत्नीला सांगितली. राजाचा प्राण रात्री नेमका केव्हा गेला हे कोणाला ठाऊक नाही, म्हणून एलिझाबेथ नेमक्या कोणत्या क्षणी राणी झाल्या हेही कोणाला सांगता येत नाही. त्या वेळी त्या कदाचित गेंड्यांकडे पाहत असतील, कदाचित झोपेत असतील. राजकन्या चढली व राणी उतरली हे सुंदर सूत्र प्रथम कॉर्बेट यांनीच लॉजच्या नोंदवहीत लिहून ठेवले, आणि पुढे सत्तर वर्षे ट्रीटॉप्स त्या नोंदीवर जगले.

आता शिडीच्या खालच्या टोकाकडे.

न्येरी ते नैरोबी हा सारा उंच, सुपीक, थंड हवेचा टापू वसाहतकाळात ‘श्वेत उच्चभूमी’च्या सीमेला लागून होता. उत्तम जमिनींचे मोठे पट्टे गोऱ्या मळेवाल्यांसाठी राखीव झाले. किकुयू कुटुंबे कोंडलेल्या राखीव क्षेत्रांत दाटीवाटीने राहू लागली किंवा पूर्वी ज्या जमिनीवर गुरे चारली त्याच जमिनीवर मळेवाल्यांची कुळे झाली. प्रौढ आफ्रिकी पुरुषाला ‘किपांदे’ नावाचे ओळखपत्र धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवून हिंडावे लागे. अरण्येही सरकारी राखीव झाली. तेथे लाकूड तोडणे हा गुन्हा ठरला, आणि शुल्क भरून झाडावर झोपणे ही करमणूक ठरली.

दुसऱ्या महायुद्धाने यात एक ठिणगी टाकली, आणि तिचा भारताशी संबंध आहे. न्येरी भागातील वारुहिऊ इटोटे हा तरुण १९४२ मध्ये ब्रिटिशांच्या आफ्रिकी पलटणीत भरती झाला आणि जपान्यांशी लढायला ब्रह्मदेशात गेला. पुढे लिहिलेल्या आठवणींत त्याने कोलकात्यातील एका भेटीचे वर्णन केले आहे : तुमच्या स्वातंत्र्यासाठी तुम्ही काय करत आहात, असे एका भारतीयाने त्याला विचारले होते. केनियात परतल्यावर हाच इटोटे ‘जनरल चायना’ या नावाने केनिया पर्वतावरील बंडखोरांचा सेनापती झाला.

आणि कॉर्बेट? १९४४ मध्ये त्यांना लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा देऊन नागपूरच्या उत्तरेस छिंदवाड्याला नेमले गेले होते. काम होते ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना जंगलात कसे राहावे, कसे लपावे, पावलांचे ठसे कसे वाचावेत हे शिकवण्याचे. इटोटे त्यांचे शिष्य होते असा दावा नाही. पण ब्रह्मदेशच्या जंगलासाठी साम्राज्याने जी विद्या वाटली, ती पुढे न्येरीच्या दोन्ही बाजूंच्या पर्वतांवर त्याच साम्राज्याविरुद्ध वापरली गेली, आणि त्या विद्येचा एक आचार्य तेव्हा न्येरीतच, पॅक्स्टूच्या ओसरीवर बसलेला होता.

ट्रीटॉप्सच्या त्या रात्रीनंतर आठ महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९५२ रोजी, गव्हर्नर एव्हलिन बेअरिंग यांनी केनियात आणीबाणी पुकारली. सरकारने ज्याला माउ माउ म्हटले तो उठाव पेटला होता. लढणारे स्वतःला भूमी आणि स्वातंत्र्य सेना म्हणवत. जोमो केन्याटा आणि सहकाऱ्यांना अटक झाली. कापेंगुरिया येथील त्या खटल्यात आरोपींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत गोमंतकीय वंशाचे फिट्झ डिसूझा होते. गोवा मुक्तीच्या चळवळीत उतरलेले आणि मग केनियात परतलेले पियो गामा पिंटो हे बंडखोरांना मदत करत राहिले. १९५४ मध्ये त्यांना अटक होऊन वर्षानुवर्षे स्थानबद्धता भोगावी लागली. केनिया स्वतंत्र झाल्यावर १९६५ मध्ये नैरोबीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांची कहाणी वेगळ्या धाग्याची आहे.

येथे आणखी एक नाव घ्यायला हवे, आणि ते आपल्या घरचे आहे. कॉर्बेट भारत सोडून केनियाला पोहोचल्यानंतर वर्षाच्या आतच, १९४८ मध्ये, स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीत दाखल झाले अप्पासाहेब पंत. सातारा भागातील औंध संस्थानचे हे राजपुत्र. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे त्यांचे वडील. गांधीजींच्या सल्ल्याने या संस्थानाने १९३९ मध्ये आपला कारभार प्रजेच्या हाती सोपवणारी घटना स्वीकारली होती, आणि त्या प्रयोगात तरुण अप्पासाहेब आघाडीवर होते. राज्य सोडण्याचा घरचा अनुभव असलेला हा माणूस अशा वसाहतीत आला जेथे कोणीही काहीही सोडायला तयार नव्हते. केन्याटांसारख्या आफ्रिकी नेत्यांशी त्यांनी मैत्री केली, आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकायला जाण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. गोरे मळेवाले संतापले. हा माणूस माउ माउचा पाठीराखा आहे अशी हाकाटी झाली, त्यांना परत बोलावण्यासाठी दबाव आला, आणि १९५४ मध्ये त्यांना नैरोबी सोडावे लागले.

एकाच वसाहतीत सहाएक वर्षे हे दोन ‘भारतीय’ वावरत होते : साम्राज्याच्या सावलीत निवारा शोधणारे कुमाऊँचे कॉर्बेट, आणि ती सावली सरकते आहे हे ओळखून पलीकडच्या लोकांशी बोलणारे औंधचे पंत. भारतावर दोघांचेही प्रेम होते. कॉर्बेट यांचे प्रेम खोटे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी ‘माय इंडिया’ लिहिले ते येथील गरिबांसाठीच. मात्र त्या गरिबाने मालकाच्या बरोबरीने उभे राहायचे ठरवले तर काय, या प्रश्नापाशी ते थांबले आणि मोम्बासाला जाणाऱ्या जहाजावर चढले. पुढच्या बंदरावर तोच प्रश्न त्यांची वाट पाहत होता.

न्यांदारुआचे अरण्य आता रणांगण झाले. सरकारने ते निषिद्ध क्षेत्र जाहीर केले. आत दिसणाऱ्या माणसावर गोळी झाडण्याची मुभा सैनिकांना मिळाली. लिंकन जातीच्या बॉम्बफेकी विमानांनी राष्ट्रीय उद्यानावर बॉम्ब टाकले आणि माणसांबरोबर हत्ती-गेंडेही मारले. अरण्य आणि गावे यांच्यामध्ये सक्तीच्या मजुरीने मैलोगणती लांब खंदक खणवला गेला. दहा लाखांहून अधिक किकुयूंना त्यांच्या विखुरलेल्या वाड्यांतून उठवून पहाऱ्यातल्या नव्या वस्त्यांत कोंबले गेले. बंडखोरांचे हातही स्वच्छ नव्हते. मार्च १९५३ मध्ये लारी येथे सरकारनिष्ठ किकुयूंची घरे बायकामुलांसह पेटवली गेली, आणि त्याचा सूडही तितकाच भीषण होता. आकडे मात्र बोलके आहेत : आणीबाणीच्या संपूर्ण काळात बत्तीस गोरे वसाहतवासी मारले गेले; फाशी दिलेल्या आफ्रिकींची संख्या १,०९० होती.

मे १९५४ मध्ये बंडखोरांनी ट्रीटॉप्स जाळले. दोन वर्षांपूर्वी वाढवून भक्कम केलेल्या लाकडी खोल्या गेल्या, आणि त्यांना अंगावर वागवणारा मुगुमोही गेला. निवांत बसलेल्या वाचकाला त्या झाडाची हळहळ वाटते, वाटावीच. पवित्र मानलेल्या वृक्षाला त्याच्या उपासकांच्या लेकरांनी आग का लावावी? जाळणाऱ्यांनी कारण लिहून ठेवलेले नाही. एवढे खरे, की त्या झाडाचे नाव तोवर मुगुमो उरले नव्हते. साऱ्या जगाला ते राणीचे झाड म्हणून माहीत झाले होते.

कॉर्बेट यांनी त्यानंतर त्या रात्रीच्या आठवणींचे एक छोटेसे पुस्तक लिहून पुरे केले. १९ एप्रिल १९५५ रोजी हृदयविकाराने ते गेले. ‘ट्री टॉप्स’ त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. भारताबाहेरचे म्हणावे असे त्यांचे हे एकमेव पुस्तक. न्येरीच्या दफनभूमीत, बेडन-पॉवेल यांच्या थडग्यापासून काही पावलांवर, त्यांना पुरले आहे. भारतातून जाणारे वाचक आजही ते थडगे शोधत येतात.

त्या रात्रीची राणी न्येरीत पुन्हा आली ती कागदावर. २१ ऑक्टोबर १९५६ रोजी अरण्याच्या कडेला देदान किमाथी जखमी अवस्थेत पकडले गेले. न्यांदारुआच्या बंडखोरांचे हे नेते न्येरी जिल्ह्यातच, १९२० मध्ये जन्मलेले. त्यांच्यावर खटला न्येरीत चालला. आरोप होता बेकायदा शस्त्र बाळगल्याचा, कारण आणीबाणीच्या कायद्यात एक रिव्हॉल्व्हर सापडणेही देहदंडाला पुरेसे होते. ब्रिटिश प्रथेप्रमाणे खटल्याच्या कागदांवर वादी म्हणून राज्यकर्त्याचे नाव येते. सिंहासनावर राजा असता तर ‘रेक्स’ लिहिले गेले असते. आता लिहिले गेले ‘रेजिना’ : राणी विरुद्ध देदान किमाथी. १८ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांना कामिटी तुरुंगात फाशी दिले आणि प्रेत तेथेच अज्ञात जागी पुरले. ती जागा दीर्घकाळ अज्ञात राहिली.

त्याच १९५७ साली ट्रीटॉप्स पुन्हा उभे राहिले. जुन्या झाडाच्या जागी नव्हे, तर पाणवठ्याच्या दुसऱ्या बाजूला, खांबांवर. ते वाढत गेले, खोल्यांची संख्या पन्नासच्या घरात पोहोचली. १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला, सगाना लॉज नव्या सरकारकडे गेले, पण ट्रीटॉप्सच्या भिंतींवर राणीच राहिली. गंमत अशी, की स्वतंत्र केनियाच्या कायद्यातही माउ माउवरील बंदी चालूच होती. ती उठायला २००३ उजाडले. नैरोबीत किमाथींचा पुतळा उभा राहिला तो २००७ मध्ये, फाशीच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी. आणीबाणीतील छळाबद्दल ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त करून ५,२२८ वृद्धांना भरपाई द्यायचे मान्य केले ते २०१३ मध्ये. तोवर बहुतेक पीडित हयात नव्हते.

स्वतः एलिझाबेथ १९८३ मध्ये पुन्हा ट्रीटॉप्सला आल्या. दरम्यान पाणवठ्याभोवतीचे रान विरळ झाले होते. प्राण्यांनी खिडकीसमोर यावे म्हणून तेथे मीठ टाकले जाई, आणि मिठाच्या ओढीने वर्षानुवर्षे जमणाऱ्या हत्तींनी आसपासची झाडे मोडून, सोलून काढली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये राणीचे निधन झाले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी झाडावरची ती रात्र पुन्हा छापली. कोविडच्या साथीत पर्यटक आटल्यामुळे लॉज त्या वेळी बंद होते.

राहिली एक मुलगी. एलिझाबेथ शिडी चढल्या त्या दिवशी, अबेरडेअरच्या त्याच उतारावरील इहिथे या किकुयू खेड्यातील वांगारी नावाची मुलगी अकरा वर्षांची होती. सरपण आणायला जाताना आई तिला बजावत असे, की मुगुमोला हात लावू नकोस, ते देवाचे झाड आहे. त्या झाडाजवळच्या झऱ्यात ती बेडकांच्या अंड्यांच्या माळा हाताने उचलू पाहत असे. पुढे शिकून परतल्यावर तिला दिसले, की झाड तोडले गेले आहे आणि झराही आटला आहे. मुगुमोची खोल मुळे आणि जमिनीतले पाणी यांचा संबंध तिने शास्त्राच्या भाषेत मांडला, आणि १९७७ पासून केनियाच्या खेड्यापाड्यांतील बायकांकडून कोट्यवधी झाडे लावून घेतली.

८ ऑक्टोबर २००४ रोजी वांगारी मथाई न्येरीकडे निघाल्या असताना त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक जाहीर झाल्याची बातमी आली. त्या आउटस्पॅन हॉटेलात उतरल्या, आवारात खड्डा खणायला सांगितला, आणि केनिया पर्वताकडे तोंड करून, मातीत गुडघे टेकून, नांदी फ्लेमचे एक रोप लावले.